आधी जोड, मग तारा

गाडीची बॅटरी उतरली की सेल्फ मारल्यावर नुसती ‘टक टक’ ऐकू येते आणि इंजिन ढिम्म हलत नाही. मग कुणीतरी शेजारची गाडी नाकाला नाक लावून उभी करतो, डिकीतून जंपर केबल निघते, लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना, काळा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लागतो. पुन्हा सेल्फ. इंजिन लागते, केबल गुंडाळली जाते, सगळे आपापल्या कामाला जातात. या सगळ्यात एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ती उतरलेली बॅटरी त्या वेळी काय करत होती? चांगल्या बॅटरीचा प्रवाह मधल्यामध्ये खात होती, की स्टार्टरला हातभार लावत होती?

बहुतेकांचा कौल ‘खात होती’ असा पडतो. खरे उत्तर जरा मजेशीर आहे. किल्ली फिरवण्यापूर्वी ती खात होती आणि किल्ली फिरवताच देऊ लागली. हे अंदाजाने कळण्यासारखे नाही, गणितच मांडावे लागते. शाळेत शिकलेली एकसर आणि समांतर जोडणीची सूत्रे इथे पुरत नाहीत. ती रोधांसाठी आहेत आणि इथे तर दोन वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्या एकाच जोडावर समोरासमोर आल्या आहेत. प्रवाह कुठून कुठे जातो हेच ठाऊक नसताना सूत्र लावणार कशाला?

यावरची युक्ती अशी की प्रवाहांच्या मागे आधी लागायचेच नाही. तारा जिथे एकत्र येतात त्या जोडाचे व्होल्टेज आधी काढायचे. ते एकदा हाती आले की प्रत्येक तारेतला प्रवाह एका वजाबाकीने आणि एका भागाकाराने मिळतो. जोडाला अभियंते ‘नोड’ म्हणतात आणि या रीतीला ‘नोड अ‍ॅनालिसिस’. नाव भारदस्त आहे, पण आत दडलेले गणित सातवी-आठवीच्या समीकरणाइतके.

आकडे धरून पाहू. चांगली बॅटरी १२.६ व्होल्टची, तिचा अंतर्गत रोध आणि जंपर केबलचा रोध मिळून ०.०२ ओहम. उतरलेली बॅटरी ११.४ व्होल्टची, अंतर्गत रोध ०.०४ ओहम. स्टार्टर मोटर ०.०५ ओहमच्या साध्या रोधासारखी वागते असे समजू. (खरी मोटर इतकी सरळ नसते. ती फिरू लागली की स्वतःच उलट व्होल्टेज निर्माण करते. पण किल्ली फिरवल्याच्या पहिल्या क्षणापुरते हे चालेल.) दोन्ही गाड्यांची ऋण बाजू, म्हणजे पत्रा, काळ्या केबलने एक झाली आहे. तिला शून्य व्होल्ट म्हणू. आता अज्ञात गोष्ट एकच उरते: उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकावर, जिथे लाल चिमटा लागला आहे, तिथले व्होल्टेज. त्याला क्ष म्हणू.

त्या टोकाला तीन वाटा येऊन मिळतात. चांगल्या बॅटरीकडून येणारा प्रवाह म्हणजे तिचे व्होल्टेज वजा क्ष, भागिले ०.०२. हा ओहमचा नियम झाला. उतरलेल्या बॅटरीकडून येणारा तसाच, पण भागिले ०.०४. स्टार्टरकडे जाणारा क्ष भागिले ०.०५. जोडावर वीज साठून राहत नाही, म्हणून जेवढी आली तेवढीच गेली पाहिजे:

(१२.६ − क्ष) ÷ ०.०२ + (११.४ − क्ष) ÷ ०.०४ = क्ष ÷ ०.०५

०.०२ ने भागणे म्हणजे ५० ने गुणणे, ०.०४ ने भागणे म्हणजे २५ ने आणि ०.०५ ने भागणे म्हणजे २० ने. तेव्हा ६३० अधिक २८५ बरोबर ९५ क्ष, आणि क्ष आला ९.६३ व्होल्ट. आता प्रवाह आपोआप पदरात पडतात. चांगल्या बॅटरीकडून १४८.४ अँपिअर, उतरलेल्या बॅटरीकडून ४४.२ अँपिअर आणि स्टार्टरमध्ये १९२.६ अँपिअर. पहिल्या दोघांची बेरीज तिसरा. म्हणजे जिला आपण ‘मेलेली’ म्हणत होतो ती बॅटरीदेखील जवळजवळ पाव भार उचलते आहे.

किल्ली फिरवण्याआधीचे गणित करा. स्टार्टरची वाट बंद आहे, म्हणून उजवी बाजू शून्य. ९१५ बरोबर ७५ क्ष, क्ष १२.२ व्होल्ट. उतरलेल्या बॅटरीचा प्रवाह ११.४ वजा १२.२, भागिले ०.०४, म्हणजे उणे २० अँपिअर. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की प्रवाह तिच्यातून येत नसून तिच्यात जातो आहे. ती चार्ज होते आहे. केबल लावल्यावर दोन-चार मिनिटे थांबा असे जाणते लोक सांगतात ते याचसाठी.

आणि मदत नसताना? २८५ बरोबर ४५ क्ष, क्ष फक्त ६.३३ व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजवर स्टार्टरचा सोलेनॉइड धड धरून राहत नाही. धरतो, व्होल्टेज कोसळते, सोडतो, व्होल्टेज वर येते, पुन्हा धरतो. तीच ती ‘टक टक’.

इथे एक गोष्ट लक्षात आली असेल. प्रवाहाची दिशा आपण आधी ठरवली नव्हती. तिन्ही वाटांसाठी एकाच साच्यातली वजाबाकी लिहिली आणि दिशा काय ती चिन्हाने सांगितली. इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला मुलांची अर्धी शक्ती ‘बाण कुठल्या बाजूला काढू?’ यातच जाते. जोडाची रीत हा प्रश्नच उरू देत नाही. बाण उलटा निघाला तर उत्तर उणे येते, चूक येत नाही.

‘आली तेवढी गेली’ हा नियम गुस्ताव किरखॉफ यांच्या नावावर आहे. ते प्रशियातल्या कोनिग्सबर्गचे. १८४५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विद्यार्थीदशेतच त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. लेखाचा विषय मुळी सर्किट हा नव्हताच. धातूच्या सपाट चकतीतून, विशेषतः गोल चकतीतून, वीज कशी पसरते याचा तो अभ्यास होता. आज जगभर शिकवले जाणारे दोन नियम त्याच्या शेवटी, जोडपत्रासारखे आले आहेत. पहिला नियम जोडाचा आणि दुसरा वेटोळ्याचा: सर्किटमध्ये कुठूनही निघून फिरून तिथेच आलात तर व्होल्टेजच्या चढउतारांची बेरीज शून्य.

या दुसऱ्या नियमाचे जोडाच्या रीतीत काय होते? तो लिहावाच लागत नाही. प्रत्येक जोडाला एकच एक व्होल्टेज आहे असे म्हटल्याक्षणी तो आपोआप पाळला जातो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर म्हटली की तुम्ही बारी गावातून चढा की दुसऱ्या वाटेने, चढ-उतारांची गोळाबेरीज ठरलेलीच, आणि वर जाऊन मुक्कामी परत आलात तर ती शून्यच. व्होल्टेज ही तशीच जागेची मोजणी आहे. उंची जशी समुद्रसपाटीपासून धरतात तसे इथे एक जोड निवडून त्याला शून्य म्हणायचे. कुठलाही निवडा, फरक बदलत नाहीत आणि प्रवाह फरकांवरच चालतात. गाडीत पत्र्याला शून्य म्हणायची पद्धत आहे, घरात जमिनीला.

हे आज सोपे वाटते, पण ओहम यांनी १८२७ मध्ये आपला नियम मांडला तेव्हा तारेतल्या एखाद्या जागेची जी ‘विद्युतदर्शी’ ताकद त्यांनी कल्पिली होती ती नेमकी काय हे स्पष्ट नव्हते. स्थिर विजेच्या अभ्यासकांचे विभव आणि ओहम यांची ही राशी एकच आहेत हे किरखॉफ यांनी १८४९ मध्ये दाखवले. जोडाला स्वतःचे व्होल्टेज असते, या आपल्या रीतीच्या पहिल्याच वाक्याला खरा आधार तिथे मिळाला.

आता वरचे गणित पुन्हा पाहा. क्ष काढताना आपण काय केले? १२.६ ला ५० ने गुणले, ११.४ ला २५ ने, शून्याला २० ने (शून्यच राहिले), बेरीज केली आणि ५०, २५, २० च्या बेरजेने भागले. याला भारित सरासरी म्हणतात. जोडाचे व्होल्टेज हे त्याच्या शेजाऱ्यांच्या व्होल्टेजची भारित सरासरी असते आणि भार म्हणजे प्रत्येक वाटेची वाहकता, रोधाचा व्यस्त. जाड, आखूड तारेने बांधलेला शेजारी जास्त ओढतो, बारीक तारेने बांधलेला कमी. माझ्या मते या विषयातले हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे, आणि पाठ्यपुस्तकांत ते बहुधा सापडत नाही. तिथे थेट मॅट्रिक्सचे चौकोन सुरू होतात. त्यातून एक गोष्ट लगेच निघते. ज्या जोडाला स्वतःची बॅटरी वगैरे नाही, त्याचे व्होल्टेज शेजाऱ्यांमधल्या सर्वांत मोठ्याच्या वर किंवा सर्वांत लहानाच्या खाली कधी जाऊ शकत नाही. नुसत्या रोधांच्या जाळ्यात उत्तर तसे आले तर गणित चुकले आहे, पुन्हा करा.

एका जोडाचे झाले. दोन असले तर? बारावीच्या भौतिकशास्त्रात व्हीटस्टनचा सेतू येतो. पतंगाच्या आकारात चार रोध आणि मध्ये आडवा पाचवा. कल्पना सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांची, १८३३ मधली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी ती लोकप्रिय केली आणि नाव त्यांचे चिकटले. परीक्षेत नेहमी संतुलित सेतू विचारतात, म्हणजे मधल्या रोधातून प्रवाह शून्य. असंतुलित सेतू सहसा विचारत नाहीत, कारण तो एकसर-समांतरच्या सूत्रांना दाद देत नाही. मधला रोध कुणाशीच एकसर नाही आणि कुणाशीच समांतर नाही.

आपण तोच घेऊ. वरच्या टोकाला ७ व्होल्ट, खालच्या टोकाला शून्य. डावीकडे वर १ किलोओहम, खाली २ किलोओहम, मधला जोड अ. उजवीकडे वर २ किलोओहम, खाली १ किलोओहम, मधला जोड ब. अ आणि ब यांच्यामध्ये १ किलोओहम. आता अ चे शेजारी तीन: ७ व्होल्टचे टोक (भार १), ब (भार १) आणि शून्य (भार अर्धा). ब चे शेजारीही तीन: ७ व्होल्टचे टोक (भार अर्धा), अ (भार १) आणि शून्य (भार १). म्हणून

अ = (७ + ब) ÷ २.५

ब = (३.५ + अ) ÷ २.५

दोन समीकरणे, दोन अज्ञाते. सोडवली तर अ ४ व्होल्ट आणि ब ३ व्होल्ट. तारांतले प्रवाह आता तोंडी निघतात: डावीकडे वर ३ मिलिअँपिअर, खाली २, मधून अ कडून ब कडे १, उजवीकडे वर २ आणि खाली ३. एकूण ५ मिलिअँपिअर, म्हणजे अख्खा पतंग मिळून १.४ किलोओहम. याच सर्किटमध्ये बॅटरी धरून सहा प्रवाह आहेत आणि तीन स्वतंत्र वेटोळी. वेटोळ्यांच्या रीतीने गेलात तर तीन समीकरणे पडतात, जोडांच्या रीतीने दोनच. वेटोळी मोजण्याची पक्की रीतही किरखॉफ यांनीच १८४७ मध्ये दिली. ऑयलर यांनी १७३६ मध्ये ज्या गावच्या सात पुलांचे कोडे सोडवून आलेखांच्या गणिताचा पाया घातला तेही कोनिग्सबर्गच. एकाच गावातून हे दोन धागे निघावेत याला योगायोग म्हणायचे आणि पुढे जायचे.

समीकरणे सोडवायचा कंटाळा असेल तर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर घ्या आणि सरासरीचे वाक्य शब्दशः पाळा. ब शून्य आहे असे खुशाल धरा. मग अ येतो २.८. तो वापरून ब येतो २.५२. त्यावरून अ ३.८०८. त्यावरून ब २.९२३. मग अ ३.९६९, ब २.९८८, अ ३.९९५. सुरुवात कितीही चुकीची असो, प्रत्येक फेरीला जोड आपल्या शेजाऱ्यांकडे पाहून स्वतःला थोडे सावरतो आणि सगळे मिळून ४ आणि ३ कडे सरकतात. गाउस-सायडेल या नावाने ही रीत ओळखली जाते. सुरुवातीच्या संगणकांवर वीज-जाळ्यांची गणिते करताना तिचा भरपूर वापर झाला, कारण त्या यंत्रांची स्मृती तुटपुंजी होती आणि हिला जागा फार लागत नाही.

आता जोडाची रीत ज्या अपघातात सर्वांत चांगली दिसते तिकडे येऊ. इमारतीत एखाद्या दिवशी चार घरांतले टीव्ही, फ्रिज आणि राउटर एकदम जळतात आणि पाचव्या घरात दिवे मिणमिणू लागतात. वायरमन येतो, मीटर रूममध्ये जातो आणि निदान सांगतो: ‘न्यूट्रल गेला होता.’ लोक म्हणतात, वरून व्होल्टेज जास्त आले. वरून काही जास्त आलेले नसते. एक तार निसटलेली असते, एवढेच. तार निसटून व्होल्टेज वाढते कसे?

इमारतीला तीन फेज येतात, वायरमनच्या भाषेत आर, वाय आणि बी. प्रत्येक फेज न्यूट्रलपासून २३० व्होल्टवर असते, पण तिघींचे चढउतार एकमेकींच्या मागे एक तृतीयांश चक्राने चालतात. म्हणून त्यांची सरळ बेरीज-वजाबाकी करता येत नाही. ती कागदावर करता येते. आठ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. एक सेंटिमीटर म्हणजे ५० व्होल्ट. तीन कोपरे म्हणजे तीन फेज, मध्यबिंदू म्हणजे न्यूट्रल. मध्यापासून प्रत्येक कोपरा ४.६ सेंटिमीटर, म्हणजे २३० व्होल्ट. कोपऱ्यापासून कोपरा ८ सेंटिमीटर, म्हणजे ४०० व्होल्ट. या कागदावर दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे त्यांच्यामधले व्होल्टेज.

तीन फ्लॅट धरा, प्रत्येकी एका फेजवर. आर वर २००० वॉटचा गीझर चालू आहे. वाय वर टीव्ही आणि दिवे मिळून २०० वॉट, बी वरही २००. सोयीसाठी सगळ्यांना साधे रोध समजू. तिघांचीही परतीची वाट मीटर रूममधल्या एका जोडावर येते आणि तिथून न्यूट्रलची जाड तार डीपीकडे जाते. तो जोड हा आपला नोड. त्याचे शेजारी चार: तीन कोपरे आणि न्यूट्रलमार्गे मध्यबिंदू. न्यूट्रल तारेचा रोध ०.१ ओहम असेल तर तिचा भार १०. गीझरचा भार त्या मापात ०.०३८ आणि बाकीच्यांचा त्याचा दहावा हिस्सा. मध्यबिंदूचा भार इतका प्रचंड आहे की जोड जागचा जेमतेम पाऊण व्होल्ट हलतो. सगळ्यांना २३० व्होल्ट मिळतात, कुणाला काही कळत नाही.

आता न्यूट्रलचा जॉइंट सैल झाला, तापला, जळाला, सुटला. चौथा भार गेला. उरले तीन आणि त्यांचे प्रमाण १० : १ : १. जोड सरकून या तिघांच्या भारित मध्यावर जातो. त्रिकोणात तो मध्यबिंदूपासून आर कोपऱ्याकडे ३.४५ सेंटिमीटर सरकलेला सापडतो. पट्टीने मोजा: आर पासून १.१५ सेंटिमीटर, म्हणजे ५७.५ व्होल्ट. वाय आणि बी पासून प्रत्येकी ७ सेंटिमीटर, म्हणजे ३५० व्होल्ट. गीझरवाल्याला चौथा हिस्सा व्होल्टेज, म्हणून सोळावा हिस्सा शक्ती: १२५ वॉट. पाणी कोमटसुद्धा होत नाही. बाकीच्या दोघांचे टीव्ही ३५० व्होल्टवर.

पुढची पायरी आणखी वाईट आहे. वाय वरचे सामान जळून बंद पडले की त्याचा भार शून्य होतो. जोड आता आर आणि बी यांना जोडणाऱ्या बाजूवर येतो, १० : १ च्या प्रमाणात. बी वर ३६४ व्होल्ट. पहिल्याचे नुकसान झाल्यामुळे दुसऱ्याचे व्होल्टेज कमी न होता वाढते. खरी उपकरणे साध्या रोधांसारखी वागत नाहीत, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण सरकण्याची दिशा हीच. जो जास्त वीज वापरतो तो जोडाला आपल्याकडे ओढतो आणि स्वतः बचावतो, कमी वापरणारे मार खातात. न्यूट्रलच्या तारेत वेगळा फ्यूज घालत नाहीत त्यामागे हेच गणित आहे. फेजचा फ्यूज उडाला तर एका घरात अंधार होतो. न्यूट्रलचा उडाला तर हा सगळा प्रकार.

जोडाच्या रीतीला एक खोड आहे, ती सांगितलीच पाहिजे. प्रत्येक वाटेचा प्रवाह व्होल्टेजच्या फरकावरून लिहिता आला पाहिजे, ही तिची अट. दोन अज्ञात जोडांच्या मध्ये आदर्श बॅटरी बसली, म्हणजे अंतर्गत रोध शून्य मानलेली, तर फरक ठाऊक असतो पण भागायला रोधच नसतो. हाताने सोडवताना त्या दोन जोडांना मिळून एकच मोठा जोड मानतात, ‘सुपरनोड’, आणि आत-बाहेरचा हिशेब त्या दोघांभोवती एकत्र लिहितात. संगणकाला असे शहाणपण सुचत नाही. १९७५ मध्ये आयबीएममधल्या चुंग-वेन हो, अल्बर्ट रूली आणि पिअर्स ब्रेनन यांनी सरळ तोडगा काढला. ज्या वाटेचा प्रवाह लिहिता येत नाही त्याला आणखी एक अज्ञात माना आणि ‘या दोन जोडांतला फरक इतका’ हे वाक्य आणखी एक समीकरण म्हणून खाली जोडा.

हा तोडगा निघण्याआधी दोन वर्षे, १९७३ मध्ये, बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली लॉरेन्स नेगल यांनी ‘स्पाइस’ हा सर्किट तपासणारा प्रोग्राम तयार केला होता. पहिला स्पाइस साध्या जोडाच्या रीतीवर चालायचा आणि अशा बॅटऱ्यांपाशी अडखळायचा. १९७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुधारित रीत आली. त्यानंतर चिप बनवणाऱ्यांनी जे जे प्रोग्राम लिहिले त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात तीच आहे. वेटोळी शोधायला चित्र पाहावे लागते. कुठले वेटोळे कुठल्यातून निघते, तारा एकमेकींना ओलांडतात का, ही डोळ्यांची कामे. जोडांना मात्र नुसते क्रमांक द्यायचे आणि ‘३ ते ७, १ किलोओहम’ अशा ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळ वाचली की मॅट्रिक्समधल्या चार खणांत एक आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा, एवढेच काम. ट्रान्झिस्टर सरळ रेषेत वागत नाही म्हणून त्याच्या जागी त्या क्षणापुरती सरळ रेषा धरतात, जोड सोडवतात, नव्या व्होल्टेजवर नवी रेषा धरतात, पुन्हा सोडवतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना पडद्यावर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ अशी तक्रार दिसते तेव्हा बऱ्याचदा एवढेच झालेले असते की शून्य क्रमांकाचा जोड, ग्राउंड, जोडायचाच राहिला. शून्य ठरले नाही तर अनंत उत्तरे बरोबर असतात आणि संगणक त्यांतले एक निवडायला नकार देतो.

हीच रीत देशाच्या वीज-जाळ्यालाही लागते. तिथे जोड म्हणजे उपकेंद्र. नाव ‘बस’. फरक असा की उपकेंद्रात किती प्रवाह येतो हे ठाऊक नसते. किती मेगावॉट येतात किंवा जातात हे ठाऊक असते आणि मेगावॉट म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. त्यामुळे समीकरणे वाकडी होतात आणि फेऱ्या माराव्या लागतात. अमेरिकेतल्या बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या विल्यम टिनी यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले की न्यूटनच्या रीतीने त्या फेऱ्या मोजक्याच राहतात, फक्त मॅट्रिक्समधली शून्ये हुशारीने टाळायला हवीत. शून्येच जास्त असतात. हजार उपकेंद्रांच्या जाळ्यात एखाद्या उपकेंद्राला शेजारी तीन-चारच असतात, म्हणून हजार खणांच्या ओळीत चार-पाच आकडे आणि बाकी सगळे रिकामे. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात महाराष्ट्राच्या जाळ्यावर लक्ष ठेवले जाते, तिथल्या हिशेबांच्या मुळाशीही अशीच बहुतांशी रिकामी मॅट्रिक्स आहे.

उच्च दाबाच्या लांब लाइनवर मेगावॉट कुठून कुठे जातात हे मुख्यतः व्होल्टेजच्या आकाराने ठरत नाही, दोन टोकांच्या चक्रांतल्या कोनाच्या फरकाने ठरते. कोन लहान असतील तर सूत्र ओहमच्या नियमासारखेच दिसते: कोनांतला फरक भागिले लाइनचा रिअ‍ॅक्टन्स. म्हणजे पुन्हा तीच जोडांची मोजणी, उंचीच्या जागी कोन. इथेही एका बसला शून्य कोन द्यावा लागतो.

३१ डिसेंबर २०१३ पर्यंत भारतात अशी दोन वेगळी शून्ये होती. दक्षिणेचे जाळे आणि उरलेल्या देशाचे जाळे यांच्यामध्ये वीज जात होती, पण डीसी दुव्यांतून, म्हणजे दोन्हींच्या कोनांचा एकमेकांशी संबंध नव्हता. त्या दिवशी ७६५ किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर लाइन चालू झाली आणि दोन्ही जाळी एका लयीत आली. मॅट्रिक्सच्या भाषेत बदल केवढा? सोलापूरच्या ओळीत रायचूरच्या खणात जिथे शून्य होते तिथे एक आकडा आला, त्याचा जुळा रायचूरच्या ओळीत सोलापूरच्या खणात, आणि कर्णावरचे या दोघांचे स्वतःचे आकडे तेवढ्याने वाढले. चार खण. उत्तरात मात्र प्रत्येक बसचा कोन बदलतो, कारण सोलापूरच्या शेजाऱ्यांत आता रायचूर आहे आणि शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांत सगळी दक्षिण.